कण दिसतात, डोमेन का दिसत नाहीत?

प्रश्न : सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पडद्यावर 20 नॅनोमीटर जाडीची परमॅलॉयची (निकेल-लोह मिश्रधातूची) फिल्म बसवली आहे. 200 किलोव्होल्टच्या ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये धातूचे कण छान दिसतात, पण डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित झालेल्या भागांच्या, भिंती एकदाही दिसल्या नाहीत. फिल्म बिघडली आहे का? – संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : फिल्मवर शंका घेण्याआधी ऑब्जेक्टिव्ह लेन्स (नमुन्याजवळचे मुख्य चुंबकीय भिंग) चालू होती का, ते पाहा. नेहमीच्या वापरात नमुना या लेन्सच्या सुमारे 2 टेस्ला क्षेत्रात असतो. परमॅलॉयची संपृक्तता (चुंबकत्वाची कमाल पातळी) 1 टेस्लाच्या आसपास, त्यामुळे सगळे चुंबकत्व बीमच्या दिशेने उभे राहते आणि डोमेन पुसले जातात. म्हणून आधी लॉरेन्झ मोड किंवा लो-मॅग, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह बंद ठेवणारा मोड, लावा, मगच होल्डर आत घाला. काम चालू असताना ‘जरा कण पाहू’ म्हणून नेहमीच्या मोडमध्ये जाऊ नका, तेवढ्यानेही मूळ रचना जाते. ऑब्जेक्टिव्ह अपर्चरही (बीमच्या वाटेतले छिद्र) काढा. या मोडमध्ये ते योग्य प्रतलात नसते, नुसते दृश्य कापते.

आता फोकस. तुमच्या फिल्ममधून जाताना इलेक्ट्रॉन जेमतेम 12 मायक्रोरेडियन वळतो. स्फटिकाच्या विवर्तनाचा कोन याच्या हजारपट, म्हणून कण सहज दिसतात. नेमक्या फोकसला भिंत दिसणारच नाही. फोकस अर्ध्या ते एक मिलिमीटरने हलवा. 1 मिलिमीटरला भिंतीच्या दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन प्रत्येकी 12 नॅनोमीटर सरकतात. जिथे ते एकमेकांवर येतात तिथे उजळ रेघ, जिथे फाकतात तिथे काळी.

बहुतेकांचे घोडे इथे अडते : दृश्य अंधारले की कंडेन्सर फिरवून बीम गोळा केला जातो. बीमचा कोन 0.1 मिलिरेडियन झाला तर त्याच 1 मिलिमीटरला 100 नॅनोमीटरचा धूसरपणा येतो आणि रेघ त्यात बुडते. बीम भरपूर पसरवा, लहान कंडेन्सर अपर्चर आणि लहान स्पॉट घ्या, आणि एक्स्पोजर काही सेकंदांचे ठेवा. चित्र सरकत असेल तर सिलिकॉन नायट्राइडच्या पडद्यावर विद्युतभार साचतो आहे. मागच्या बाजूला 2-3 नॅनोमीटर कार्बन चढवा.

रेघ दिसली की फोकस उलट बाजूला न्या. काळी भिंत उजळ झाली पाहिजे. पण भेगेच्या कडाही काहीशा अशाच वागतात, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. नमुना 30 अंश कलवून ऑब्जेक्टिव्हला अगदी थोडा प्रवाह द्या. 20 मिलिटेस्ला क्षेत्राचे 10 मिलिटेस्ला फिल्मच्या प्रतलात येतात. भिंत सरकते, भेग जागची हलत नाही.

प्रश्न : कोबाल्ट-प्लॅटिनमच्या थरांवर हे सगळे केले, तरी चित्र कोरेच. – वाचक, मुंबई

उत्तर : तिथे चुंबकत्व फिल्मला लंब, म्हणजे बीमला समांतर आहे. समांतर क्षेत्रात इलेक्ट्रॉन वळतच नाही. नमुना 20 ते 30 अंश कलवा. तरी संकेत क्षीणच असेल : कोबाल्ट एकूण 3 नॅनोमीटर धरला तर 30 अंशांना वळण परमॅलॉयच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतके. त्यामुळे फोकस कित्येक मिलिमीटर हलवावा लागेल. मात्र कलवण्याआधी एक चित्र सरळ स्थितीत जरूर घ्या. ब्लॉख भिंत (आतले चुंबकत्व भिंतीच्या लांबीच्या दिशेने) असेल तर ती न कलवताही दिसते, नील भिंत (चुंबकत्व भिंतीला आडवे) दिसत नाही. लोह-कोबाल्ट-सिलिकॉनमधले स्कर्मिऑन (चुंबकत्वाचे सूक्ष्म भोवरे) 2010 मध्ये याच पद्धतीने न कलवता दिसले, कारण ते ब्लॉख प्रकारचे होते.