शेतकऱ्याला सीझनचे पैसे आधीच देऊन दर आठवड्याला भाजी घ्यायची, लातूरमधी परवडंल का?

परवडंल, फक्त घरात रोज भाजी होत असली पाहिजे. यात आपण निवडत नसतो, शेतात जे निघंल ते पिशवीत येतं, म्हणजे हिवाळ्यात मेथी, शेपू, चुका, करडईची भाजी ढिगानं यायली अन् पोरं वैतागायलीत, आणि मे महिन्यात विहीर तळाला गेली की मूठभर गवार नि दोन दोडके, बस. गारपीट झाली तर तोटा पण वाटून घ्यायचा, हे पटत नसंल तर सरळ आठवडी बाजार गाठा. पैसे भरायच्या आधी शेतावर चक्कर मारा अन् उन्हाळ्यात पाणी कुठून देता, बोअर का शेततळं, ते विचारा, आपल्याकडं सगळं तिथंच अडतं. फवारणीचं पण विचारा. आणि पहिल्यांदा महिन्याचेच पैसे द्या.