दिवाळीत व्यायामाचं काय करायचं? तुमचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

प्रश्न : ऑफिस करून फराळ, साफसफाई सगळं मीच करते, दिवसभर पायावरच असते. हा व्यायाम धरायचा का? आणि चकल्या पाडून मनगट आणि कंबर दोन्ही गेलंय. (वय ४१, ठाणे)

थोडासा धरा. माळा आवरणं, जळमटं काढणं, फरशी पुसणं यात थोडा दम लागतो, शरीर हलतं, तेवढी हालचाल नक्की मोजायची. डब्ल्यूएचओ मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते आणि २०२० पासून ती सलग दहा मिनिटं तरी हवी ही अटही राहिलेली नाही. पण ओट्याशी तीन तास एका जागी उभं राहून तळण काढणं हा व्यायाम नाही, तो नुसता कंबरेवरचा ताण. त्यामुळे तुम्हाला आत्ता जास्तीचा व्यायाम नकोय, सुटका हवीये.

तळताना एक पाय छोट्या पाटावर ठेवा, थोड्या वेळाने पाय बदला. चकलीचं पीठ मळणं, करंज्या भरणं टेबलाशी बसून करा. सोऱ्या उंच ओट्यावर धरून दाबला की खांदे कानापर्यंत चढतात आणि सगळा जोर मनगटावर येतो, म्हणून तो कंबरेच्या उंचीला घ्या आणि पीठ घट्ट वाटलं तर पाण्याचा हबका मारून परत मळा. रांगोळीला कंबरेत वाकून उभं राहू नका, पाटावर बसा, दर दहा मिनिटांनी उठून कंबरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे वाका. पायात कळ जात असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र हे सोडा आणि दाखवून घ्या.

आणि हो, घरात सोफ्यावर बसून "चकली जरा कडक झालीये" म्हणणारं कोणी असेल तर पुढचा घाणा त्यांच्या हातात द्या. व्यायामाची गरज खरी त्यांना आहे.

प्रश्न : पुण्यात जिमला जातो, दिवाळीला दोन आठवडे नागपूरला घरी. केलेलं सगळं वाया जाईल का? (वय २६)

नाही जाणार. दोन आठवड्यांत ताकद फारशी उतरत नाही, दम आधी कमी होतो. गच्चीवर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं दंड, बैठका आणि जिने भरभर चढणं एवढं केलं तरी पुष्कळ. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये मात्र घोटे वर-खाली हलवत रहा, ढाब्यावर गाडी थांबली की झोप आली तरी उतरा, पोटऱ्या हलल्या की रक्त वर ढकललं जातं, पाय सुजत नाहीत.

प्रश्न : डायबेटिस आहे, पहाटे फिरायची सवय. फटाक्यांच्या धुरात जावं का? (वय ६४, नाशिक)

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तर नकोच. थंड हवेत धूर जमिनीलगत साचून राहतो, त्यामुळे ऊन वर आल्यावर, हवा मोकळी झाली की निघा, दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर त्या दिवशी घरातच चाला. खरं सांगायचं तर या दिवसांत पहाटेच्या एका मोठ्या फेरीपेक्षा प्रत्येक जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं तुमच्या जास्त कामाची, कारण जेवणानंतर वर जाणारी शुगर तेव्हाच आवरली जाते. एक काळजी घ्या, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल आणि पूजेमुळे जेवण लांबलं तर रिकाम्या पोटी फिरायला जाऊ नका, शुगर एकदम खाली येऊ शकते. थरथर, घाम, गरगरणं वाटलं तर लगेच साखर खा, तिथे पथ्य बघू नका. गोळीची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : पहिला दिवाळसण, सासरी चार दिवस. पाटावरून उठूच देत नाहीत! एका लाडवाला किती चालावं लागतं? (वय २९, सांगली)

अभिनंदन जावईबापू! मध्यम बेसनाचा लाडू साधारण दीडशे ते पावणेदोनशे कॅलरीचा, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडं जास्त झपझप चालणं. पण हा हिशोब ठेवू नका, आग्रहापुढे टिकत नाही. अभ्यंगस्नानाला उठलातच आहात तर फराळाआधी मेव्हण्याला घेऊन गावात एक चक्कर मारा, दुपारी पोरांच्या किल्ल्याला माती आणून द्या, जेवल्यावर सासरेबुवांना पानाच्या टपरीपर्यंत चालत न्या. आणि ताटात तिसरा लाडू येतोय असं दिसलं की पाणी आणायला म्हणून स्वतःच उठा.