पक्ष्यांच्या विष्ठेने बॉनेटवर उठलेले ठसे

प्रश्न : माझी गडद निळ्या रंगाची गाडी झाडाजवळ उघड्यावर उभी असते. काही कारणाने चार-पाच दिवस ती जागची हलली नाही, आणि नंतर धुतली तेव्हा बॉनेटवर ज्या दोन जागी पक्ष्यांची विष्ठा वाळली होती तेथे निस्तेज, वेड्यावाकड्या कडांचे ठसे दिसू लागले. शाम्पूने तीनदा धुऊनही ते गेलेले नाहीत. टूथपेस्टने घासावे, असे एका परिचितांनी सुचवले आहे. हे डाग घरी निघू शकतील का?

उत्तर : आपण ज्याला डाग म्हणत आहात तो आता डाग राहिलेला नाही, आणि शाम्पूला यश न येण्याचे कारणही तेच आहे. बाहेरून चिकटलेला पदार्थ पहिल्याच धुण्यात निघून गेला. मागे उरला आहे तो रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, उमटलेला खोलगट ठसा. तो धुऊन जाणार नाही. आजूबाजूचा थर अगदी थोडा झिजवून पृष्ठभाग पुन्हा सपाट करणे, एवढाच उपाय उरतो, आणि हा थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ असतो. एकदा झिजलेला थर परत येत नाही, म्हणून कमीत कमी घासून काम कसे भागेल हा विचार सुरुवातीपासून मनात ठेवावा.

हा ठसा उमटतो कसा, हे समजले तर पुढची काळजी आपोआप कळते. पक्षी शरीरातील नको असलेले नायट्रोजन प्रामुख्याने युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात; विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. हे आम्ल पाण्यात फारच थोडे विरघळते, त्यामुळे पावसाच्या एका सरीने विष्ठा पूर्ण वाहून जाईल अशी आशा धरता येत नाही. उन्हात पत्रा तापला की क्लिअर कोट किंचित मऊ होऊन प्रसरण पावतो, आणि रात्री गार होताना वाळून कडक झालेल्या विष्ठेभोवती आकसून तिचा आकार धरून बसतो. गडद रंग अधिक तापतो, म्हणून आपल्या निळ्या गाडीवर हे लवकर घडले आणि ठळकपणे दिसतही आहे.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सावलीत घेऊन पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, बॉनेट धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि ठशाच्या कडेवरून नख अलगद फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर घरी यश येण्याची शक्यता चांगली आहे. नख स्पष्ट अडकत असेल, ठशात बारीक तडे दिसत असतील किंवा खालचा रंगच फिका पडला असेल, तर ते काम रंगकाम करणाऱ्या जाणकाराकडे सोपवावे. तेथे हाताने कितीही घासले तरी ठसा निघणार नाही, उरलेला थर मात्र जाईल.

पहिला प्रयत्न नेहमी सर्वांत सौम्य पॉलिशने करावा. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे फिनिशिंग पॉलिश घेऊन तळहाताएवढ्याच भागावर, आधी आडवे व मग उभे, बेताच्या दाबाने एक-दोन मिनिटे फिरवावे, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसून तिरप्या प्रकाशात पाहावे. फरक पडला असेल तर आणखी एकदा करावे. अजिबात फरक नसेल तरच थोडे जाड कणांचे रबिंग कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा अधिक झिजवणारी पेस्ट, वापरावे आणि त्यानंतर पुन्हा सौम्य पॉलिशने चमक आणावी. पत्र्याच्या दुमडीवर व कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तेथे हात हलका ठेवावा. जुन्या गाडीवर पुसताना कापडावर गाडीचाच रंग उतरू लागला तर ताबडतोब थांबावे. एक तर त्या गाडीला वेगळा पारदर्शक थर नाही, किंवा होता तो संपला आहे. २००० किंवा ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासह वापरण्याचा सल्लाही दिला जातो, परंतु थराची जाडी मोजण्याचे साधन हाताशी नसताना तो मार्ग पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठसा ऐंशी टक्के पुसट झाला आणि दोन पावले मागे सरकल्यावर दिसेनासा झाला, तर तेथे समाधान मानणे शहाणपणाचे आहे.

टूथपेस्ट दातांसाठी बनवलेली असते. तिच्यातील कण किती बारीक आहेत हे गाडीच्या रंगाच्या दृष्टीने कोणी ठरवलेले नसते. तिने कधी काहीच होत नाही, तर कधी ठशाभोवती धुरकट ओरखड्यांचे वर्तुळ उमटते, आणि मग दुरुस्त करायचा भाग चौपट होतो. लिंबू, व्हिनेगर व थिनर यांचाही येथे उपयोग नाही. काम झाल्यावर त्या जागी वॅक्सचा थर अवश्य द्यावा, कारण पॉलिशने आधीचे संरक्षण निघून गेलेले असते.

प्रश्न : विष्ठा नुकतीच पडलेली दिसली तर कोरड्या फडक्याने लगेच पुसावी का?

उत्तर : लगेच काढावी, पण कोरड्या फडक्याने कधीही नाही. विष्ठेत वाळूचे कण आणि बियांची टरफले असतात. कोरडे घासले की तेच कण रंगावर ओरखडे पाडतात. पाण्याने चिंब भिजवलेले मऊ कापड तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवून द्यावे, मग न घासता वर उचलून घ्यावे, आणि उरलेले कापडाच्या स्वच्छ बाजूने हलकेच टिपावे. वाळलेली विष्ठा खरवडताना उडणारी धूळ श्वासावाटे आत जाणे आरोग्याला घातक ठरू शकते, हे भिजवण्याचे आणखी एक कारण, हातमोजेही घालावेत. पाण्याची एक बाटली आणि दोन कापडे गाडीतच ठेवली तर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलले जात नाही.

प्रश्न : माझ्या गाडीचा रंग चमक नसलेला, मॅट आहे. तिलाही हीच पद्धत चालेल का?

उत्तर : भिजवून उचलण्याची पद्धत चालेल, पॉलिश मात्र मुळीच चालणार नाही. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर मुद्दाम असमान ठेवलेला असतो. पॉलिशने तो सपाट होऊन चकाकणारा ठिपका उठतो आणि तो पूर्ववत करता येत नाही. ठसा राहिलाच तर तो पूर्ण भाग नव्याने रंगवून घ्यावा लागतो. त्यामुळे आपल्या गाडीवर विष्ठा दिसेल त्याच दिवशी ती काढणे इतरांपेक्षा अधिक गरजेचे आहे.