कागदपत्र पडताळणीत ‘तुम्ही महाराष्ट्राचे’ म्हणाले, तर मानवाधिकार आयोग चौकशी करेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि त्याखालची उत्तरंही वाचली. ‘थेट दिल्लीच्या मानवाधिकार आयोगाकडे तक्रार ठोका, अधिकाऱ्याला समन्स येईल’ असं दोघातिघांनी लिहिलंय. या कामासाठी ते करू नका, एवढंच सांगायला बसलो होतो, पण उत्तर लांबत गेलं.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं प्रकरण थोडक्यात. तुम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आई मूळची गोव्याची. कर्नाटक सरकारच्या एफडीएच्या (फर्स्ट डिव्हिजन असिस्टंट, कारकुनी पद) निवड यादीत नाव आलं. पडताळणीला टेबलावरच्या माणसाने शाळेचा दाखला बघून ‘तुम्ही महाराष्ट्राचे, राष्ट्रीयत्वाचा पुरावा आणा’ म्हटलं आणि फाइल बाजूला ठेवली. लेखी काही दिलं नाही. त्यात मामा लोक पोर्तुगीज पासपोर्ट करून घे म्हणून मागे लागलेत.

आधी तो राष्ट्रीयत्वाचा रकाना. भारतात राज्याचं वेगळं नागरिकत्व नाही. घटनेच्या कलम ५ ते ११ मध्ये एकच नागरिकत्व आहे, भारताचं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेला आणि चंदगड तालुका मात्र तिकडेच राहिला, तेव्हाही कुणाचं राष्ट्रीयत्व बदललं नाही. सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडलेला महाराष्ट्राचा दावा गावं कुठल्या राज्यात असावीत याबद्दल आहे. तो उद्या कसाही सुटला तरी तुमच्या अर्जात ‘भारतीय’च राहणार. शाळा मराठी असल्याने माणूस महाराष्ट्राचा होत नाही, आणि समजा झाला तरी नोकरीला अपात्र होत नाही. कलम १६(२) नीट वाचा: सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि रहिवास यांवरून भेदभाव करता येत नाही. रहिवासाची अट घालायचीच असेल तर १६(३) खाली फक्त संसद घालू शकते, राज्य सरकार नाही. १९५७ च्या कायद्याने संसदेने जुन्या अटी काढून टाकल्या आणि आंध्रातला तेलंगण, हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा एवढ्यांपुरती सवलत ठेवली. तेलंगणापुरती ती सवलत १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली, बाकीची १९७४ मध्ये संपली.

इथे एक गल्लत होते. बिदरकडचे मित्र सांगतात की त्यांच्याकडे स्थानिकांना राखीव जागा आहेत. ते खरं आहे, पण तो घटनेच्या कलम ३७१जे चा भाग. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने कल्याण कर्नाटकातल्या (बिदर-कलबुर्गीकडच्या) जिल्ह्यांना ते मिळालं. बेळगाव त्यात नाही. त्यामुळे तुमच्या जाहिरातीतलं पद ३७१जे खालचं नसेल, तर रहिवासावरून नाकारायला कायद्याचा आधार नाही. चंदगडचा मुलगासुद्धा सर्वसाधारण जागेसाठी कर्नाटकात अर्ज करू शकतो. राखीव प्रवर्गाचा फायदा त्याला मिळणार नाही, एवढंच.

आता गंमत बघा. सरकारी नोकरीला भारतीय नागरिकच लागतो असंही सरसकट नाही. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत आयएएस, आयपीएस आणि आयएफएसला (परराष्ट्र सेवा) नागरिकत्व सक्तीचं आहे. बाकी सेवांना नेपाळ आणि भूतानची प्रजा, १ जानेवारी १९६२ पूर्वी कायम राहायला आलेले तिबेटी निर्वासित, शिवाय पाकिस्तान, ब्रह्मदेश, श्रीलंका, व्हिएतनाम आणि केनिया, युगांडा, टांझानिया वगैरे आफ्रिकी देशांतून कायम वास्तव्यासाठी परतलेले भारतीय वंशाचे लोकसुद्धा पात्र आहेत. अट अशी की केंद्र सरकारचं पात्रता प्रमाणपत्र हवं. परीक्षेला ते नसतानाही बसता येतं, नेमणूक मात्र प्रमाणपत्र आल्यावरच. मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतली पोरं हुबळी-बेळगावला शिकायला येतात, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर: २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे, आईबाप कुणीही असोत. तिबेटींनाही हे लागू आहे असं दिल्ली हायकोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंतच्या जन्माला आई किंवा बाप, कुणी एक नागरिक असला की पुरे. त्यापुढच्या जन्माला दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा.

म्हणजे ‘राष्ट्रीयत्वाचा पुरावा’ म्हणून तुम्ही जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आईवडिलांपैकी एकाचा कागद दाखवलात की विषय संपायला हवा. आईचा जन्म गोव्याचा म्हणून कुणी शंका काढली, तर १९६२ चा गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश आहे. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा तिथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक धरला गेला. पोर्तुगीज नागरिकत्व ठेवतो असं मुदतीत लेखी कळवणारे तेवढे वगळले.

मामांचं ऐकण्याआधी मात्र दहादा विचार करा. खानापूर, जांबोटी, लोंढा भागात गोव्याशी सोयरीक असलेली घरं पुष्कळ आहेत आणि पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करून देणारे एजंटही फिरतात. नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. कुठेही राजीनामा द्यावा लागत नाही. नियमांनुसार परदेशी पासपोर्ट मिळाला हाच त्याचा अंतिम पुरावा. नुसती जन्मनोंद केली, पासपोर्ट घेतला नाही, तरी वाद उभा राहतो, आणि तो मिटवायचा अधिकार कलम ९(२) प्रमाणे केंद्र सरकारचा. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) घेईन आणि नोकरी करीन, हेही डोक्यातून काढा. कलम ७बी प्रमाणे ओसीआयवाल्याला कलम १६ चा, म्हणजे सरकारी नोकरीतल्या समान संधीचा हक्क नाही. एफडीए व्हायचं असेल तर तो पासपोर्ट नको. युरोपला जायचं असेल तर हा अभ्यास नको. दोन्ही चालत नाही.

आता आयोग. मानवाधिकार संरक्षण कायदा १९९३ चा. राष्ट्रीय आयोग दिल्लीत, राज्याचा बंगळुरात. त्यांचे चौकशीचे अधिकार कागदावर भरभक्कम आहेत. कलम १३ प्रमाणे आयोगाला दिवाणी कोर्टाचे अधिकार मिळतात: साक्षीदाराला समन्स काढणं, शपथेवर विचारणं, कागद हजर करायला लावणं, कुठल्याही कार्यालयातलं सरकारी दप्तर मागवणं. कागद लपवलेत असं वाटलं तर राजपत्रित अधिकारी पाठवून जागेत शिरता येतं, जप्त करता येतं. कलम १४ खाली सरकारच्या संमतीने कुठल्याही तपास यंत्रणेची माणसं वापरता येतात. शिवाय स्वतःचा तपास विभाग आहे, दिल्लीत पोलिस महासंचालक दर्जाच्या, राज्यात महानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याखाली. तुम्ही आयोगापुढे जे सांगता ते कलम १५ मुळे तुमच्यावरच उलटवता येत नाही, खोटी साक्ष दिलीत तर गोष्ट वेगळी. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरला ‘महाराष्ट्र राज्य’ फलकाच्या वादात पोलिसांच्या लाठ्या चालल्या, तसल्या तक्रारीला ही यंत्रणा आहे. पोलिस कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत कळवायचं, हा दंडकही राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर १९९३ मध्येच घालून दिलाय.

प्रत्यक्षात तक्रारीचं काय होतं? बहुतेक वेळा कलम १७ खाली ज्या खात्याबद्दल तक्रार आहे त्याच खात्याच्या वरिष्ठाकडून अहवाल मागवला जातो. एसपी लिहितात, तसं काही घडलंच नाही. तो अहवाल तुमच्याकडे म्हणणं मांडायला येतो. इथे निम्मे लोक गप्प बसतात आणि प्रकरण बंद होतं. सही, तारीख, दवाखान्याचे कागद, फोटो जोडून मुद्देसूद उत्तर दिलं तरच पुढे समन्सपर्यंत गोष्ट जाते. शेवटी कलम १८ खाली शिफारस: नुकसानभरपाई द्या, गुन्हा चालवा. सरकारने महिन्याभरात उत्तर द्यायचं. ही शिफारस बंधनकारक आहे असं मद्रास हायकोर्टाच्या पूर्णपीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं. तो निकाल कर्नाटकात दाखवता येतो, पण इथल्या कोर्टाला तो बांधून ठेवत नाही. आयोग स्वतः कुणाला शिक्षा करत नाही, नेमणुकीचा आदेशही काढत नाही.

मर्यादा आणखी आहेत. घटना घडून वर्ष उलटलं की कलम ३६(२) मुळे आयोग हात लावत नाही. राज्य आयोगाने प्रकरण घेतलं असेल तर राष्ट्रीय आयोग थांबतो, म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज पाठवायची आपल्याकडची सवय सोडा. बेळगाव कॅम्पातल्या लष्कराबद्दल तक्रार असेल तर कलम १९ प्रमाणे आयोग फक्त केंद्राकडून अहवाल मागवू शकतो. मुंबईच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या आयोगाला बेळगावातल्या घटनेची प्रत पाठवून उपयोग नाही. एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची: राष्ट्रीय आयोगाकडे आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत तक्रार चालते. म्हणजे मराठीत. फी नाही, वकील लागत नाही.

आणि तुमच्या प्रकरणात अडतं ते नेमकं इथे: आयोगाच्या कार्यपद्धतीच्या नियमांत स्पष्ट आहे की सेवाविषयक वाद, दिवाणी वाद, कामगार तंटे साधारणपणे घ्यायचे नाहीत. नेमणूक नाकारली ही सेवाविषयक बाब. ‘हा समानतेचा प्रश्न आहे’ असं कितीही सजवून लिहिलंत तरी तक्रार पहिल्याच छाननीत बाजूला पडायची शक्यता मोठी. तेवढ्यात तुमचे महिने जातात आणि यादी कायम होते. दाताच्या दुखण्याला हाडाच्या डॉक्टरकडे रांग लावल्यासारखं आहे ते. टेबलावरच्या माणसाने शिवीगाळ केली, धक्काबुक्की केली, कोंडून ठेवलं, असं काही असेल तर तेवढाच भाग वेगळा काढून आयोगाकडे द्या.

नेमणुकीसाठी तुमचं ठिकाण कर्नाटक राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे केसॅट. भरतीचे वादही त्याच्याच अखत्यारीत येतात. बेळगावातच खंडपीठ आहे, बंगळूरला धावायला नको. पण तिथे जायला हातात काहीतरी हवं आणि तुमच्याकडे तोंडी नकाराशिवाय काही नाही. म्हणून उद्याच निवड प्राधिकाऱ्याला अर्ज द्या, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत: अमुक तारखेला पडताळणीला आलो, अमुक कागद दिले, फाइल कोणत्या नियमाखाली बाजूला ठेवली ते लेखी कळवावं. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. सोबत माहिती अधिकारात फाइलवरच्या टिप्पणीची प्रत मागा. लक्षात ठेवा, कर्नाटकात माहिती अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. नकाराचा लेखी आदेश मिळाला की एका वर्षात केसॅटला जायचं. अर्जाला उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट बघून त्यापुढच्या एका वर्षात. यादी कायम होणार असेल तर एवढी वाट बघू नका, वकिलाकडून तातडीची स्थगिती मागा. केसॅटच्या निकालाविरुद्ध धारवाड खंडपीठात, हायकोर्टात.

खाली एकाने कन्नड भाषेच्या परीक्षेचा मुद्दा काढलाय, तो वेगळा ठेवा. भाषा हा शब्द कलम १६(२) मध्ये नाही. त्यामुळे ‘कन्नडची परीक्षा म्हणजे भेदभाव’ हा युक्तिवाद कोर्टात लंगडा पडतो. कन्नड माध्यमाची ५ टक्के राखीव जागा मराठी शाळेच्या मुलाला मिळत नाही, तेही तसंच. ग्रामीणची २५ टक्के मात्र मिळू शकते, पहिली ते दहावी ग्रामीण शाळेत झाली असेल तर. खानापूरच्या पोरांना हे कुणी सांगतच नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ चं केंद्राचं निवेदन आहे: भरतीला राज्यभाषेची पूर्वअट नको, परीक्षा नंतर परिवीक्षा काळात घ्या, जिथे अल्पसंख्याक १५ ते २० टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्या. चांगलं आहे, पण तो कायदा नाही. कलम ३५०बी खालचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त राष्ट्रपतींना अहवाल देतात, समन्स काढू शकत नाहीत. त्यांच्याकडे अर्ज जरूर करा, नोंद राहते. नोकरी मिळेल या आशेने करू नका.

शेवटी एमपीएससीचं. महाराष्ट्र सरकारच्या १० जुलै २००८ च्या परिपत्रकाप्रमाणे दाव्यातल्या ८६५ गावांतले मराठी भाषिक उमेदवार तिकडच्या नोकऱ्यांना पात्र आहेत, पण त्या गावांत १५ वर्षं वास्तव्याचा दाखला लागतो. तो सक्षम प्राधिकाऱ्याचाच हवा आणि आपल्याकडे तो मिळवायला नाडकचेरी (गावपातळीवरचं महसूल कार्यालय) ते तहसीलदार फेऱ्या होतात, तेव्हा जाहिरात निघायच्या आधी काढून ठेवा. आपलं गाव त्या यादीत आहे का तेही आधी तपासा. खानापूर तालुक्यातलं आहे म्हणून यादीत असेलच असं धरून चालू नका.

तुमच्या जाहिरातीचा क्रमांक, पद ३७१जे मधलं आहे की नाही, आणि पडताळणीची तारीख एवढं इथे टाका. अर्जाचा मसुदा कन्नडमध्ये करून देतो.