हिला शुगर नाही, मग शुगरचं पथ्य कशाला?

मुलगी २३ वर्षांची. पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस, तपासण्यांनंतर पीसीओएसचं, म्हणजे बीजकोश आणि संप्रेरकांच्या बिघाडाचं निदान. आईला आठ वर्षांपासून मधुमेह. "आईसारखंच जेव," असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आई चक्रावल्या. "अहो, हिची शुगर तर नॉर्मल आहे!"

शंका रास्त आहे. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरात पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड मग जादा इन्सुलिन सोडून साखर ताब्यात ठेवतं, म्हणून रिपोर्ट चांगला दिसतो. पण तेच जादा इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं, बीज वेळेवर पक्व होत नाही आणि पाळी रखडते. तिच्या मानेवर काळसर, मखमली पट्टा होता, तोही याच जादा इन्सुलिनचा. मळ समजून आई तो वर्षभर घासत होत्या.

तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं. साखर बंद, पण चहात दोन चमचे गूळ, दिवसातून तीनदा. इन्सुलिनच्या दृष्टीने गूळ आणि साखर सारखेच. ज्वारी चालते म्हणून दुपारी तीन भाकरी आणि पळीवाढी आमटी. चौघांच्या आमटीत डाळ मूठभर, म्हणजे ताटात प्रथिनं नावालाच. गुरुवारी साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

वेगळा स्वयंपाक लावलाच नाही, प्रमाणं बदलली. भाकरी एक, फार तर दीड. सोबत वाटीभर मटकीची घट्ट उसळ किंवा पिठलं, आणि कोशिंबीर आधी खायची. पोहे अर्धी वाटी कोरडे घ्यायचे, त्यात तितकेच वाफवलेले मोडाचे मूग आणि भरपूर कांदा-फ्लॉवर. उपासाला भगर अर्धी वाटीच, पण दाण्याची आमटी, दही आणि काकडी हवीच.

मुगाच्या धिरड्यांनी मात्र रडवलं. तव्याला चिकटतात म्हणून आईंनी पिठात अर्धी वाटी तांदळाचं पीठ घातलं आणि पथ्य तिथेच संपलं. खरी चूक पाण्याची होती. वाटीभर हिरवे मूग रात्रभर भिजवून आलं-मिरची-जिऱ्यासोबत अगदी कमी पाण्यात वाटायचे. सैल झालंच तर दोन चमचे बेसन घालून दहा मिनिटं ठेवायचं. तवा आधी चांगला तापवायचा, मग आच मध्यम. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही.

मायलेकींचं ताट एक असलं तरी एक फरक पाळावा लागतो. आईंच्या गोळ्यांपैकी एक साखर एकदम खाली आणू शकणारी. त्यांनी जेवण लांबवायचं नाही, आणि भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मुलीला तो धोका नाही. पण तीही लवकर बारीक व्हायला रात्रीचं जेवण सोडत होती आणि अकराला फरसाण खात होती.

वजन ६८ किलो. पाच टक्के, म्हणजे साधारण साडेतीन किलो उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो, एवढंच उद्दिष्ट ठेवलं. तीन महिने पाळी आलीच नाही तर मात्र धिरड्यांवर विसंबायचं नाही. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचंच.

चौथ्या महिन्यात पाळी ३९ दिवसांनी आली. मानेवरचा पट्टा अजून आहे, पण घासणं थांबलंय.