लायसन्स बंदुकीचं मिळतं, गोळी झाडायचं नाही

मागच्या अंकात शस्त्र परवान्याबद्दल एका प्रश्नाला चार ओळींचं उत्तर दिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. नावं छापू नका असं बहुतेकांनी कळवलं होतं म्हणून कुणाचीच छापली नाहीत.

प्रश्न : ताई, आमचं घर गावाबाहेर मळ्यात. मी, बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला तेव्हापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. रिव्हॉल्व्हर घ्यावी म्हणतोय. एक एजंट म्हणतो ओळखीने काम करून देतो. खरंच मिळतं का लायसन्स?

दादा, एजंटला आधी घरी पाठवा. अर्ज तुमचा तुम्हीच करायचा, शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर तिथे, नाहीतर जिल्हाधिकारी म्हणजे कलेक्टर ऑफिसला. वय २१ पूर्ण लागतं, मेडिकल लागतं, हत्यार चालवायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि घरात ते सुरक्षित ठेवीन असं लेखी द्यावं लागतं. मग तुमच्या पोलीस ठाण्याचा रिपोर्ट जातो. नाकारलं तर साधारणपणे लेखी कारण देणं बंधनकारक आहे आणि त्यावर अपील करता येतं. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे नावावर पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून लायसन्स नाकारता येत नाही, हे १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. लायसन्स मोठ्या लोकांचंच काम असतं असं म्हणून गरीब माणूस अर्जच करत नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतेय.

आता रिव्हॉल्व्हरबद्दल. कायदाच दोन हत्यारांना दोन मापं लावतो. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, ही संरक्षणासाठी मागितली आणि तुमच्यात काही खोट निघाली नाही तर ती द्यावी असा कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्व्हर, पिस्तुलाला मात्र तुमच्याकडे सबळ कारण आहे हे अधिकाऱ्याला पटावं लागतं. ‘भीती वाटते’ एवढं पुरत नाही, वस्तीवर पडलेल्या दरोड्याची एफआयआर, ठाण्याचं अंतर, कुणी धमकी दिली असेल तर त्याची तक्रार, हे सगळं जोडा. आणि ९ एमएम वगैरे मनात असेल तर सोडून द्या, ते प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) येतं, त्याचा निर्णय दिल्लीत केंद्रीय गृहखात्यात होतो. सामान्य माणसाला मिळते ती पॉइंट ३२ ची.

हे झालं कायद्याचं. पण तुम्ही मुलांचा उल्लेख केलात म्हणून पुढचं लिहितेय. हत्यार नीट ठेवायचं म्हणजे ते रिकामं, कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या कुलपात. आता रात्री दोन वाजता दाराची कडी तुटल्याचा आवाज आला, लाईट गेलेली, तुम्ही चाव्या शोधताय, कपाट उघडताय, दुसरं कुलूप उघडताय, अंधारात चाचपत गोळ्या भरताय, तोवर आलेली माणसं घरात उभी असतात. आणि हा वेळ वाचवायला हत्यार भरून उशाखाली ठेवायचं तर दिवसभर ते मुलांच्या हाताशी. यातून कुणालाच सुटका नाहीये, हातात पटकन येणारी बंदूक पोरांच्याही हातात पटकन येते. दुकानात कुणी हे सांगणार नाही म्हणून मी सांगतेय. आधी दारं, कड्या, अंगणात दिवा, वस्तीवरच्या चार घरांचा फोन ग्रुप, ११२ नंबर, हे सगळं करा. त्यानंतरही वाटलं तर अर्ज करा, तुमचा अधिकार आहे.

प्रश्न : चोर घरात शिरला आणि मी माझ्या लायसन्सच्या बंदुकीने गोळी घातली तर मला काही होणार नाही ना? स्वसंरक्षणाचा अधिकार आहे म्हणतात.

काका, अधिकार आहे आणि चांगला भक्कम आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ झाली, आशय बहुतेक तोच. जीव जाईल, गंभीर इजा होईल, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशी खरी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. मालमत्तेसाठीही, जबरी चोरी किंवा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडी असेल तर हा अधिकार तिथवर पोचतो. पण तीन अटी लक्षात ठेवा. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर अधिकार नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि धोका संपला की अधिकारही संपला. चोर कंपाउंडवरून उडी मारून पळतोय आणि तुम्ही गच्चीवरून पाठीत गोळी घातलीत तर ते स्वसंरक्षण नाही, मग तो तुमच्या घरात काय करून गेला याने फारसा फरक पडत नाही. दिवसाढवळ्या कुणी पंप उचलून नेतोय, तुमच्या अंगावर आलेला नाही, तिथेही गोळी नाही.

दुसऱ्या बाजूने, कोर्ट सोन्याच्या काट्यावर तोलत बसत नाही हेही खरं. जिवावर बेतलेल्या माणसाने किती वार करावेत याचा हिशोब त्या क्षणी करता येत नाही, आणि हल्ला झाल्यावर भेकडासारखं पळून जायची सक्तीही नाही, असं सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितलंय.

पण ‘काही होणार नाही ना’ याचं उत्तर वेगळं आहे. केरळमधली जेम्स मार्टिन केस बघा. १९८८ च्या भारत बंदच्या दिवशी बंदवाले लोक एका पिठाच्या गिरणीत घुसले, मालक बापलेकांच्या बाजूने गोळीबार झाला, दोघं मेले, काही जखमी झाले. शेवटी सुप्रीम कोर्टाने स्वसंरक्षण मान्य करून दोघांना निर्दोष सोडलं. कधी? डिसेंबर २००३ मध्ये. मधली १५ वर्षं त्या घराने काय काढली असतील विचार करा, आणि ही जिंकलेली केस आहे. गोळी सुटली की एफआयआर होणार, बंदूक जप्त होऊन तपासणीला जाणार, लायसन्स बहुधा निलंबित होणार, आणि गोळी घालण्याशिवाय उपाय नव्हता असं दिसावं इतपत तरी तुम्हाला कोर्टापुढे मांडावं लागणार. म्हणून प्रसंग आलाच तर लगेच ११२ ला फोन करा, जखमीला मदत मिळू द्या, कशाला हात लावू नका, जागा पुसून काढू नका. घाबरून जागा धुऊन काढली की खरं बोलणारा माणूसही खोटा दिसायला लागतो.

प्रश्न : एअरगनला लायसन्स लागतं का?

४.५ एमएम म्हणजे पॉइंट १७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद, एवढ्यात असेल तर नाही. त्याच्या वर लागतं. पक्षी मारायला वापरलीत तर वन्यजीव कायदा वेगळा लागेल.

प्रश्न : बाबा गेले. त्यांची डबल बॅरल कपाटात तशीच आहे, लायसन्सचं पुस्तकही आहे. आम्हाला कुणालाच चालवता येत नाही. आठवण म्हणून ठेवली तर चालेल ना?

नाही चालणार, आणि याला उशीर करू नका. लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही. बाबा गेले की ती बंदूक घरात असणं म्हणजे विनापरवाना हत्यार, आणि त्याला शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं शिक्षा आहे. कलम २१ प्रमाणे विनाकारण वेळ न लावता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. जाताना मृत्यूचा दाखला, लायसन्सचं पुस्तक आणि जेवढी काडतुसं असतील तेवढी सगळी न्या. कपाटाच्या खणात, जुन्या पेटीत, बाबांच्या कोटाच्या खिशात बघा, हिरवी पडलेली पितळी टोपी असलेलं एखादं जुनं काडतूस हमखास कुठेतरी निघतं. ते स्वतः फेकू नका. जमा केल्याची पावती घ्या, त्यावर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय का तिथेच उभं राहून ताडून पहा.

मग ठेवायची असेल तर तुमच्यापैकी एकाने वारस म्हणून स्वतःच्या नावावर लायसन्सचा अर्ज करायचा, बाकी वारसांचं ना-हरकत जोडायचं. वारसाचीही तपासणी नव्यासारखीच होते. आता एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. ठेवायची नसेल तर विक्रेत्यामार्फत विका. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हे वाचून आत्ताच हालचाल करा, कारण लायसन्सधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं बाळगून झालं की हयातीतच वारसाच्या नावावर करायचा अर्ज देता येतो.

प्रश्न : अमेरिकेत बंदूक हा नागरिकांचा हक्क आहे. गुंडांकडे गावठी कट्टे असतातच, मग सरळमार्गी माणसालाच नोंदणी, रिपोर्ट, हेलपाटे कशाला? इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केलं तेच चालू आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि त्यात तथ्य आहे, उडवून लावण्यासारखा नाही. १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळातला, भारतीयांवर अविश्वास दाखवणाराच होता. म्हणून तर १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगायचा हक्क घातला होता, अर्थात ‘नियमांच्या अधीन राहून’. घटना समितीत १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तोच हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली, बाबासाहेबांनी विरोध केला, ती मान्य झाली नाही. म्हणजे हा विचार न करता राहून गेलेला विषय नाही, आपल्याच लोकांनी समोरासमोर चर्चा करून घेतलेला निर्णय आहे.

अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत हक्क आहे, २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणं हा व्यक्तीचा हक्क मानला, आणि १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला देशभरातल्या बंदूकमालकांची नोंदवही ठेवायलाच मनाई केलीय. नोंदणी विरोधकांचं म्हणणं असं की आज यादी झाली तर उद्या सरकार यादी घेऊन दारात येईल. ही भीती मला समजते. पण तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात हे त्याच वादात हळूच बाजूला पडतं.

गावठी कट्ट्याचं म्हणाल तर हो, बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतेक हत्यारं विनापरवानाच असतात. पण त्या कट्ट्यात काय घालतात? ते कट्टे बहुतेक पॉइंट ३१५ किंवा बारा बोअरचे बनवतात, कारण ती काडतुसं बाजारात आहेत, म्हणजे कुणा लायसन्सवाल्याच्या नावावर घेतलेली काडतुसं तिथे पोचतात. म्हणून तुमच्या लायसन्सवर किती घेतली याची नोंद होते, म्हणून प्रत्येक लायसन्सला देशपातळीवरच्या डेटाबेसमधला युनिक नंबर आहे. ही नोंद सैल केली तर फायदा सरळमार्गी माणसाचा नाही, कट्टेवाल्याचा होईल. नोंदणी कडक हवी असं माझं ठाम मत आहे. त्याचबरोबर अर्जावर महिनोन्महिने कुणी उत्तरच देत नाही, तो अपमान बंद व्हायला हवा, हेही तितकंच ठाम.

प्रश्न : रानडुकरं भुईमूग उकरून टाकतात. पिकासाठी बंदूक मिळते का?

मिळते, पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्यातच आहे. पण बंदुकीचं लायसन्स म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी घ्यायची. अंगावर आलं आणि जीव वाचवायला मारावं लागलं तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही लगेच वनखात्याला कळवा.

प्रश्न : वरातीत हवेत बार काढला, लायसन्सची आहे, काय बिघडलं?

२ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, वरातीत लहान मुलं असतात.

प्रश्न : ताई, यांच्याकडे नोकरीपासूनची लायसन्सची रिव्हॉल्व्हर आहे. रिटायर झाल्यापासून गप्प असतात, पिणं वाढलंय, परवा म्हणाले आता काय राहिलंय. मी काय करू?

ताई, बाकीच्या सगळ्या पत्रांआधी तुम्हाला फोन केला होता, इथे फक्त तुमच्यासारख्या इतर घरांसाठी लिहितेय. असं बोलणं कधीही ‘पिऊन बडबडले’ म्हणून सोडायचं नाही. जिवाचं बरंवाईट करायचा विचार अनेकदा थोड्या वेळाचा असतो, तेवढा वेळ हत्यार हाताशी नसलं तर माणूस वाचतो, आणि बंदूक दुसरी संधी देत नाही. थेट विचारा, जीव द्यायचं मनात येतं का म्हणून, विचारल्याने तो विचार मनात येत नाही. मुलगा, भाऊ, त्यांचा नोकरीतला जुना मित्र, ज्याचं ते ऐकतात त्याला मध्ये घेऊन त्यांना रिव्हॉल्व्हर काही महिने विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करायला तयार करा, लायसन्स त्यामुळे जात नाही हे त्यांना सांगा, बऱ्याच जणांचा मान त्या हत्यारात अडकलेला असतो. ऐकत नसतील तर तुम्ही स्वतः लायसन्स देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवू शकता, शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली कार्यालयाला लायसन्स निलंबित करता येतं. स्वतः हिसकावून घ्यायला जाऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, आणि त्यांच्याआधी तुम्ही स्वतः लावलात तरी चालतो.