मालिका सोडा, पण स्टुडिओ नको

प्रश्न थोडक्यात असा: वय २६, मूळ सांगलीची, गोरेगावात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. दीड वर्षापासून एका मराठी मालिकेत काम. महिन्याला साधारण १६ दिवस शूटिंग, दिवसाचे ६,००० रुपये. महिन्याचा खर्च ४०,०००, शिल्लक ७ लाख. गाणी स्वतः रचते, चित्रंही काढते. पण बारा तासांच्या शिफ्टनंतर कशालाच हात लागत नाही. मालिका सोडून साडेचार लाखांत घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ आणि दीड लाखात चित्रांचं प्रदर्शन करावं का?

तुमचा हिशेब मी दोनदा मांडून पाहिला. मालिका सोडणं तुम्हाला परवडतं. स्टुडिओ परवडत नाही.

सातातले सहा लाख खर्च केलेत तर उरतो एक लाख, म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च. पुढची भूमिका अडीच महिन्यांत मिळेल, असं या क्षेत्रात कुणीच सांगू शकत नाही. पण तुम्ही दोन रकमा धरलेल्याच नाहीत. मानधन ९० दिवसांनी हातात येतं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे शेवटच्या शूटिंगनंतरही तीन महिन्यांचे पैसे यायचे राहतील. ९६,००० मधून १० टक्के टीडीएस गेला की ८६,४००. तीन महिन्यांचे २,५९,२००. दुसरी रक्कम त्या टीडीएसचीच. २०२५-२६ मध्ये तुमचं मानधन ११,५२,००० होतं आणि त्यातले १,१५,२०० कापले गेले. नव्या करप्रणालीत त्या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. कर कापूनच पैसे येतात म्हणून तुम्ही रिटर्न भरलं नाहीत, हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. ते पैसे तुमचे आहेत, रिटर्न भरलं की परत मिळतात. याच आठवड्यात सीएकडे जा.

सगळं मिळून पावणेअकरा लाखांच्या आसपास होतात. त्यातले ७ लाख २० हजार, म्हणजे १८ महिन्यांचा खर्च, वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. नोकरदाराला मी सहा महिन्यांचा राखीव निधी सांगते, कलाकाराला दीड वर्षाचा. अमोल पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले आणि नाटकं करत असताना बँक ऑफ इंडियात नोकरीही करत होते. तुमच्यासाठी ही ठेवच ती नोकरी. ती असेल तर नको ती भूमिका नाकारता येईल.

उरतात साडेतीन लाख. प्रदर्शन जरूर करा, दीड लाखातच बसवा. जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला फार थांबावं लागतं, म्हणून आधी लहान गॅलरीत करा.

स्टुडिओला माझा विरोध एका साध्या कारणासाठी आहे. घर भाड्याचं, करार ११ महिन्यांचा. तुमच्या कोटेशनमधले दोन लाख ७० हजार भिंती, छत आणि दार ध्वनिरोधक करण्याचे आहेत. घर बदललंत की ते घरमालकाचं. माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं उपकरण), हेडफोन, लॅपटॉप बॅगेत भरून नेता येतात. त्यावर लाखभर खर्च करा. गाण्याचं अंतिम रेकॉर्डिंग करायचं असेल तेव्हा तासाच्या भाड्याने स्टुडिओ घ्या.

उरलेल्यातून स्वतःचा आरोग्य विमा आधी काढा. मालिकेच्या सेटवरचं संरक्षण, असलंच तर, मालिकेबरोबर संपतं. गाणी स्वतःची आहेत, तर गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासदत्वही घ्या.

आणि राजीनामा देण्याआधी करारातली नोटिशीची कलमं वाचा. मध्येच सोडल्यास भरपाई किंवा मानधन अडवून ठेवण्याची अट असेल, तर वरचे २,५९,२०० माझ्या हिशेबातून वजा करावे लागतील. तसं झालं तर आधी प्रदर्शन पुढे ढकला. ते पान मला पाठवा, तोवर कुणाला काही कळवू नका.